चोवीस जणींतली पॉलेट

पॉलेट गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. शनिवारची सकाळ, दहा वाजत आले होते. फोनवर हायसिंथ, पॉलेटची आई. तिने हॅलो म्हटलं नाही. "सुला, ती गेली," एवढंच म्हणाली. माझं नाव सुलभा, पण वीस वर्षांत हायसिंथने ते कधी पूर्ण घेतलं नाही. तिच्याकडच्या खोलीत रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं... "केव्हा?" मी विचारलं. "सव्वानऊला. मी तिचे केस विंचरत होते." आणि मग, कामावरच्या आवाजात, "येताना दूध घेऊन ये. लोक येतील आता." मी इस्त्री बंद केली, कोट चढवला, कोपऱ्यावरून चार पाइंट दूध घेतलं आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. गेलं दीड वर्ष आम्ही याच फोनची वाट बघत होतो. फक्त त्या पिशवीचं ओझं फार वाटलं, इतकं की बस येईपर्यंत ती मी दोनदा खाली ठेवली.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पॉलेट बॅले नाचायची. बत्तिसाव्या वर्षी गेली. तिचे आईवडील जमैकाचे, रंगाने काळे, आणि ती स्वतः जन्माने, बोलण्याने, चहा पिण्याच्या पद्धतीने इथली, साउथहॅम्प्टनची. बॅले नाचणारी आणि काळी या दोन गोष्टी एका मुलीत बसत नाहीत असं इथल्या पुष्कळ लोकांचं ठाम मत होतं, आणि पॉलेटची बरीचशी ताकद त्या मतापाशीच खर्च झाली. नाचायला जी उरली ती घेऊन ती नाचली. मी तिच्यावर लिहायला बसले आहे खरी, पण या हकिकतीत माझी स्वतःची बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी मुंबईत फिजिओथेरपी शिकले आणि लग्नानंतर इथे आले. अविनाश, माझा नवरा, इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. वर्षभराने मलाही तिथेच आउटपेशंटमध्ये नोकरी लागली. हायसिंथ हाडांच्या वॉर्डवर ऑक्झिलरी होती, म्हणजे पेशंटना उठवणं, अंघोळ घालणं, बेडपॅन देणं ही सगळी कामं तिची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या मनात ती पहिल्या दिवसापासून 'तू' होती. कुठल्या सिस्टरपुढे तोंड उघडायचं नाही, कुठले बूट थंडीत टिकतात, हे सगळं तिने शिकवलं. जमैकाहून बोटीने आली ती इथल्याच बंदरात उतरली आणि इथेच राहिली. लंडनला का गेली नाहीस असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "उतरल्यावर पुढे जायचा कंटाळा आला."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत हायसिंथ मुलीला घेऊन आमच्या व्यायामाच्या खोलीत आली. पंधरा वर्षांची पॉलेट, शाळेच्या गणवेशात, मान ताठ, नजर खिडकीबाहेर. हायसिंथने एक पत्र माझ्या हातात दिलं. लंडनच्या एका बॅलेच्या शाळेने तिला घेतलं नव्हतं, आणि त्यांच्या डॉक्टरच्या सहीने कारणं दिली होती. पाऊल सपाट, स्नायू अवजड, कमरेखालचा भाग जड, एकंदर शरीर शास्त्रीय बॅलेला योग्य नाही. मी पत्र वाचत असताना पॉलेट पहिल्यांदा बोलली. "त्यांनी मला मोजे काढायलाही सांगितलं नाही."

"तू दिवसभर पाय बघतेस," हायसिंथ म्हणाली. "हिचे बघ."

मी बघितले. तिला बाकावर बसवलं, पाऊल हातात घेतलं, घोटा फिरवला, खुब्याचा सांधा तपासला. मग तिचे तळवे ओले केले आणि हात पुसायचा तपकिरी कागद जमिनीवर पसरून तिला त्यावर उभं केलं. सपाट पावलाचा ठसा भाकरीसारखा भरलेला उमटतो. हिचा उमटला तो टाच, पाच बोटं, आणि त्या दोहोंना जोडणारी बाहेरच्या कडेची एक बारीक रेघ. मधली सगळी जागा कोरडी. इतकी सुरेख कमान मी तोवर कुणाच्या पावलाला पाहिली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं.

"मग हे लिहून दे," हायसिंथ म्हणाली. "हॉस्पिटलच्या कागदावर. खाली तुझी सही."

मी म्हटलं, आमच्या सुपरिंटेंडंटला विचारावं लागेल. मी म्हटलं, डॉक्टरांनी पाठवल्याशिवाय मला कुणाला तपासता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. आणखी एक गोष्टही खरी होती, ती मी म्हटली नाही. दोन महिन्यांनी अविनाशची कायमच्या पोस्टसाठी मुलाखत होती, आणि एका नावाजलेल्या शाळेच्या डॉक्टरने चूक केली असं लिहून खाली स्वतःचं मराठी नाव घालायची माझी हिंमत नव्हती. हायसिंथने तो ओला कागद उचलला, वाळेपर्यंत रेडिएटरवर धरला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये नेहमीसारखी माझ्यासाठी खुर्ची धरून बसली होती. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पॉलेटला लहानपणापासून शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मिसेस पार्कर. एका दुकानाच्या वरच्या खोलीत क्लास घ्यायच्या. त्यांनी आपल्या जुनाट गाडीतून तिला लंडनला दुसऱ्या एका शाळेत नेलं, आणि तिथल्या लोकांनी मोजे काढायला सांगेपर्यंत तिथून हलल्या नाहीत म्हणे. त्या शाळेने पॉलेटला एका वर्षाच्या बोलीवर घेतलं. जमलं तर ठेवू. ती तिथे तीन वर्षं होती आणि तिन्ही वर्षं बोलीवरच होती. नाताळच्या सुट्टीत घरी आली की हमखास आमच्याकडे यायची. साबुदाण्याची खिचडी तिला फार आवडायची. बशी पोटावर ठेवून ती आमच्या दिवाणखान्यात जमिनीवर पाठ टेकायची, दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर लावायची आणि तशीच आडवी खायची. अविनाश म्हणायचा, हिच्या घशात एक दिवस काहीतरी अडकणार आहे. "आँटी, अजून आहे?" एवढंच ती भिंतीकडे बघत विचारायची. शाळेबद्दल विचारलं तर, "मागच्या रांगेत असते. तिथून सगळं दिसतं."

शिक्षण संपलं आणि तिला एकाही कंपनीने घेतलं नाही. तिच्याबरोबरच्या मुली एकेक करून लागल्या. बॅलेत एक प्रकार असतो, पांढऱ्या कपड्यांतल्या चोवीस मुली एका रांगेत, एकीचा हात वर गेला की सगळ्यांचा जातो, जणू एकाच मुलीच्या चोवीस सावल्या. नवीन मुलीची सुरुवात त्या रांगेतच होते. एका कंपनीच्या डायरेक्टरने पॉलेटला खोलीत बोलावून चहा दिला आणि सांगितलं की तू उत्तम नाचतेस, पण प्रेक्षकांची नजर सारखी तुझ्याकडेच जाईल, चित्र मोडेल. जॅझ का करत नाहीस? अमेरिकेला का जात नाहीस? अतिशय सभ्य माणूस, ती म्हणाली. दरवाजापर्यंत सोडायला आला. "त्याने शिवी दिली असती तर मला निदान भांडता आलं असतं."

मग ती हॉलंडला गेली. तिथल्या एका लहान कंपनीत चार वर्षं नाचली. पत्रं यायची, छोटी छोटी, बहुतेक पावसाबद्दल आणि लोण्याबद्दल. आणि एक दिवस माझ्या अपॉइंटमेंटच्या यादीत तिचं नाव दिसलं. टाचेमागची शीर अर्धी फाटली होती. एव्हाना मी सीनियर झाले होते, माझी स्वतःची खोली होती, अविनाशची पोस्ट केव्हाच कायम झाली होती. सात महिने ती आठवड्यातून दोनदा यायची. टाचेचा उपचार म्हणजे कंटाळा असतो. तेच ताणणं, तेच उचलणं, पंधरा वेळा, मग पुन्हा पंधरा वेळा. त्यात बोलणं होतं. एका दुपारी मी तिची पोटरी चोळत होते आणि ती पालथी पडून म्हणाली, "आँटी, तुम्हाला तो तपकिरी कागद आठवतो? आईने अजून ठेवलाय."

मला वाटलं आता बोलून टाकावं. "मी तेव्हा लिहून द्यायला हवं होतं," मी म्हटलं. "मी घाबरले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आईने त्याच दिवशी परत जाताना बसमध्ये सांगितलं. म्हणाली, सुलावर रागवू नकोस, तिच्या नवऱ्याला इथे टिकायचंय."

माझे हात थांबले असावेत, कारण तिने मान वळवून बघितलं. "चोळा की," म्हणाली.

टाच बरी झाली आणि एडिनबरातल्या एका कंपनीने तिला ऑडिशनला बोलावलं. त्यांना दुखापतीचा रिपोर्ट हवा होता. मी टाचेबद्दल लिहिलं आणि मग थांबले नाही. पावलाची कमान, घोट्याचं वळण, खुब्याचा सांधा, सगळं मापांसकट, हॉस्पिटलच्या कागदावर, दोन पानं. खाली पूर्ण नाव, पूर्ण सही. पॉलेटने उभ्या उभ्या वाचलं. "पायांबद्दल त्यांनी विचारलेलं नाही," म्हणाली. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं. मला वेळ लागला." तिने कागद पाकिटात घातला. त्याचा उपयोग झाला की नाही मला माहीत नाही. बहुधा कुणी वाचलाही नसेल. पण त्यांनी तिला घेतलं.

आणि घेतल्यावर पावडर आली. त्या हंगामात त्या चोवीस मुली मेलेल्या तरुणींची भुतं होत्या, आणि सगळ्यांनी हात, मान, खांदे पांढरे करायचे अशी तिथली पद्धत होती. पॉलेटने एकदा लावून पाहिलं. फोनवर मला सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाकीच्या भुतासारख्या दिसतात. मी राखेत पडल्यासारखी दिसते." तिने नाही म्हणून सांगितलं. तीन दिवस तिला बाजूला बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी रांगेतल्या एका मुलीचा गुडघा गेला आणि बदलीला दुसरं कुणी नव्हतं. पॉलेट जशी होती तशी उभी राहिली.

हायसिंथ आणि मी दुपारच्या खेळाची तिकिटं काढून एडिनबराला गेलो. आदला सगळा दिवस ट्रेनमध्ये गेला. हायसिंथने चर्चला जायची टोपी घातली होती आणि डब्यात चिकनची सँडविचेस, माझ्यासाठी वेगळी चीजची. थिएटरात आम्ही अगदी वरच्या मजल्यावर होतो. माझ्या शेजारी एक गोऱ्या बाई, सत्तरीच्या, पेपरमिंटची पुडी घेऊन बसलेल्या. दुसऱ्या अंकाला पडदा वर गेला. निळा अंधुक उजेड, धुरासारखं काहीतरी, आणि एकामागून एक त्या मुली येऊ लागल्या, डोक्यावरून पातळ पांढरी जाळी घेतलेल्या. हायसिंथ पुढे झुकली. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळ्या आल्या, रांगा झाल्या, चोवीस हात वर गेले.

"कुठली?" हायसिंथने माझ्या कानाशी विचारलं.

मला सांगता येईना. त्या निळ्या उजेडात सगळ्या निळ्याच होत्या. सख्ख्या आईला आपली मुलगी सापडत नव्हती आणि मी दुर्बीण इकडून तिकडे फिरवत होते... मग मी चेहरे बघणं सोडलं आणि पावलं बघायला लागले. एका रांगेत उजवीकडून पाचवी. ती कमान मी कुठेही ओळखली असती. मी हायसिंथला रांग दाखवली, "उजवीकडून" म्हटलं आणि तिच्या हातावर पाच बोटं टेकवली. तिने मोजलं आणि मग नाच संपेपर्यंत तिची नजर तिथून हलली नाही. पुढे जाळ्या निघाल्या, उजेड थोडा वाढला, तेव्हा बघणाऱ्याला दिसली असती. पण थिएटरात कुणी कुजबुजलं नाही. कुणी खाकरलंही नाही.

दिवे लागल्यावर पेपरमिंटवाल्या बाई आमच्याकडे वळल्या. "काय सुंदर. सगळ्या अगदी एकसारख्या, नाही?"

"त्यांतली एक माझी आहे," हायसिंथ म्हणाली.

"हो? कुठली?"

हायसिंथने टोपी नीट केली. "तुम्ही इतका वेळ बघत होतात. तुम्हीच सांगा." त्या बाईंनी खरोखर विचार केला, रिकाम्या रंगमंचाकडे बघून आठवायचा प्रयत्न केला, आणि नाही सांगता आलं.

नंतर थिएटरमागच्या कॅफेत पॉलेट टाचेला बर्फाची पिशवी बांधून बसली असताना आम्ही दोघींनी तिला हे सांगितलं. अगदी हौसेने सांगितलं, एकमेकींचं बोलणं तोडत. तिला हसू येईल असं वाटलं होतं. तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि आईकडे बघितलं. "मग इतकी वर्षं काय चाललं होतं, आई?" हायसिंथने डब्यातलं उरलेलं सँडविच तिच्यापुढे सरकवलं.

अडीच हंगाम. नंतर टाचेमागची शीर पुन्हा फाटली, आणि या वेळी मीच सांगितलं की आता पुरे. ती सत्ताविसाची होती. घरी परतली आणि डॉककडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारचा क्लास काढला. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आखलेल्या, त्या तिने रांगा लावायला वापरल्या. सगळ्या रंगांच्या मुली यायच्या, त्यात माझी मैथिली, तेव्हा आठ वर्षांची. तिचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसं. "आई, मिस पॉलेटची आवाज मोठी नाही, पण सगळे ऐकते," असं घरी येऊन सांगायची. लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्या ओळखीतल्यांकडे गणपतीला जमलो होतो, तेव्हा एका बाईंनी विचारलं, "बॅलेला, आणि तीही काळ्या बाईकडे?" मी "छान शिकवते हो" म्हणाले आणि मोदक खात राहिले. मैथिली शेजारीच होती.

त्या उन्हाळ्यात क्लासच्या मुलींचा एका पार्कमध्ये नाच होता. कधी नव्हे ते कडक ऊन. मैथिली कार्डिगन काढेना आणि झाडाखालून बाहेर येईना. पॉलेट तिच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि काय झालं म्हणून विचारलं. मैथिलीने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, उन्हात गेलीस तर काळी होशील. मग छान दिसणार नाही."

मी चार पावलांवर उभी होते. पॉलेटने मैथिलीच्या कार्डिगनचं वरचं बटण लावलं. "ठीक आहे," म्हणाली, "तू सावलीतल्या बाजूला उभी राहा." नाच झाला. खुर्च्या गोळा करताना ती माझ्याजवळ आली. "आँटी, तुमच्याकडेही?"

"आमच्याकडेही," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? माझी आई मला हेच सांगायची, हळद आणि साय लावायची, आणि मी विचार न करता ते इथपर्यंत आणलं होतं.

ती खुर्च्या एकावर एक रचत राहिली. "मला वाटायचं एका घरात तरी पाय वर करून पडता येतं," एवढंच म्हणाली. मी माफी मागितली, पण ती कशी मागायची ते मला नीट जमलं नाही. मैथिलीलाही बसवून सांगितलं की मी चुकीचं शिकवलं. ती म्हणाली, "मग आजीला पण फोन करून सांग." मी केला. आई दुखावली. पॉलेट मैथिलीशी अगदी पूर्वीसारखी वागायची, तसूभरही फरक नाही. आमच्याकडेही यायची, पण खुर्चीत बसायची, कोट मांडीवर घेऊन, आणि खिचडी टेबलाशी बसून खायची. असं दीड-दोन वर्षं चाललं.

या काळात क्लास वाढला. स्थानिक पेपरवाले फोटो काढून गेले, शाळांमधून भाषणाला बोलावणी येऊ लागली. मुलींसमोर उदाहरण म्हणून उभ्या राहा, म्हणायचे. ती जायची, नीट बोलायची आणि परत येऊन दिवसभर झोपायची. "मी काय केलं ते विचारतात," ती एकदा म्हणाली. "कसं नाचले ते कुणी विचारत नाही." दरवर्षी मुलींच्या बॅलेच्या परीक्षांचे निकाल यायचे आणि दरवर्षी एखाद्या काळ्या मुलीच्या शेऱ्यात 'पार्श्वभाग आत घेणे आवश्यक' असं काहीतरी असायचं, तिच्याइतक्याच सरळ उभ्या राहणाऱ्या गोऱ्या मुलीच्या शेऱ्यात नसायचं. पॉलेट दरवर्षी बसून परीक्षा घेणाऱ्या मंडळाला पत्र लिहायची. दरवर्षी सभ्य उत्तर यायचं. पत्र टाइप करायला मी मदत करायचे. शेवटच्या वर्षी ती म्हणाली, "मागच्या वर्षीचंच काढा. फक्त मुलीचं नाव बदला."

एका शनिवारी क्लास संपवून ती आमच्याकडे आली. दारात बूट काढले, कोट खुंटीला लावला आणि दिवाणखान्यात जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला लावले. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन साबुदाणा शोधू लागले, भिजवलेला नव्हता तरी. परत आले तर ती छताकडे बघत होती. "दमलेय, आँटी. नेहमीसारखं नाही. पोटात काहीतरी आहे." अंडाशयाचा कॅन्सर होता, पसरलेला. किती महिने दुखत होतं असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, मला वाटलं असंच दुखतं. दुखणं अंगावर काढायचं शिक्षणच तिला मिळालं होतं.

दीड वर्ष. ती खुर्चीत बसून शिकवायची, नंतर नंतर शेवटचा अर्धा तासच यायची. मी शेवटची भेटले ती जायच्या दोन दिवस आधी, दुपारी. हायसिंथ तिच्यासाठी सूप गाळत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून पॉलेटची पावलं कोमट तेलाने चोळत होते. अंगात दुसरं काही उरलं नव्हतं, पण पावलं तशीच होती. तिने डोळे मिटूनच विचारलं, "काय म्हणता आँटी? बॅलेला चालतील?" मी म्हटलं, "चालतील." "लिहून द्या," ती म्हणाली, आणि थोडी हसली. मी पर्समधून पेन काढलं, पण कागद हातात घेईपर्यंत तिला झोप लागली होती.

क्लास बंद पडलेला नाही. डोना नावाची सतरा वर्षांची मुलगी, पॉलेटची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, सध्या शिकवते. हॉल उघडायला हायसिंथ आणि मी जातो. मागच्या शनिवारी तिथल्या स्वयंपाकघरातलं कपाट आवरायला काढलं, तर खालच्या कप्प्यात जॅमच्या जुन्या बाटल्या होत्या, बावीस, प्रत्येकीत तपकिरी रंगाची वेगळी छटा आणि झाकणावर चिकटपट्टी लावून एकेका मुलीचं नाव. बॅलेचे बूट दुकानात फिकट गुलाबीच मिळतात. गोऱ्या मुलीच्या पायाची रेघ त्यात बोटांपर्यंत एकसंध दिसते, सावळ्या मुलीची घोट्यापाशी तुटते. म्हणून पॉलेट मेकअपची तीन-चार फाउंडेशन्स मिसळून प्रत्येकीच्या कातडीला जुळेल असा रंग करायची आणि स्पंजने बुटांवर चढवायची. मैथिलीची बाटली मला तिथे सापडली. ती आता क्लासला जात नाही, पण बाटली फेकलेली नव्हती.

त्या दिवशी एक नवीन मुलगी आली होती, ग्रेस, सहा वर्षांची, नवे कोरे गुलाबी बूट छातीशी धरून. हायसिंथने तिला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बाही वर करायला सांगितली. आम्ही दोघींनी हे काम कधी केलेलं नव्हतं. पहिला रंग लाल झाला, दुसरा मातकट. ग्रेस हात पुढे धरून शांत बसली होती. हॉलमध्ये डोना आकडे मोजत होती. तिसऱ्यांदा मी गडद रंगाचे दोन थेंब जास्त टाकले, हायसिंथने बोटाने ढवळलं आणि मुलीच्या मनगटावर एक टिपका लावला. खिडकीपाशी नेऊन बघितलं. टिपका दिसेना. "सापडतोय का तुला?" हायसिंथने विचारलं. ग्रेसने मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि मान हलवली, नाही. हायसिंथने चिकटपट्टीचा तुकडा फाडला, तिला नावाचं स्पेलिंग विचारलं, आणि झाकणावर लिहिलं. मग आम्ही एकेक बूट घेऊन रंगवायला बसलो.